ऐकू येते, पण कळत नाही

‘आजोबांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते,’ ही तक्रार दवाखान्यात वारंवार कानी पडते, आणि ती बहुधा आजोबांच्या देखतच केली जाते. समोर बसलेल्या मित्राचे बोलणे त्यांना समजते. स्वयंपाकघरातून मारलेली हाक समजत नाही, लग्नाच्या पंगतीत तर काहीच उमगत नाही. घरच्यांना हा बहाणा वाटतो. श्रवणशास्त्राने मात्र त्याचा उलगडा केव्हाच केला आहे.

अंतःकर्णात गोगलगायीच्या कवचासारखी वेटोळी नळी असते. ध्वनीची लाट तिच्यातून कशी सरकते, हे हंगेरीत टेलिफोनवर संशोधन करणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखविले आणि त्याबद्दल त्यांना १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. उंच, बारीक ध्वनी नळीच्या तोंडाशीच टिपले जातात. खर्जातले पार टोकाला. हे टिपणाऱ्या केशपेशी प्रत्येक कानात सुमारे १५ हजार असतात आणि एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. वयोमानाने होणारी झीज नळीच्या तोंडापासून सुरू होते. म्हणजे बारीक ध्वनी प्रथम हरपतात, आणि स, श, फ, त, क ही व्यंजने तर त्यांवरूनच ओळखू येतात. आ, ओ, ऊ हे स्वर शाबूत राहतात. परिणामी ‘पाट’, ‘ताट’ आणि ‘काठ’ एकसारखेच भासतात.

ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने फारशी उजळत नाहीत. शिवाय झिजलेल्या कानाला हळू आवाज पोहोचत नाही आणि थोडा चढविला की तोच असह्य होतो. ‘जरा मोठ्याने बोल’ आणि ‘ओरडतेस कशाला?’ ही दोन्ही वाक्ये एकाच मिनिटात ऐकून सूनबाई चक्रावतात. पण दोन्ही खरी असतात.

गलबल्यातून एकच आवाज आपण कसा वेचतो, याचा अभ्यास कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. आवाजाची दिशा आणि त्याचा पोत यांच्या आधारे मेंदू ही निवड करतो. कानाकडून येणारी माहितीच पुसट असेल, तर ही निवड फसते आणि माणूस थकून गप्प बसतो. त्या गप्प बसण्याची मला अधिक काळजी वाटते. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये दिली, तीत श्रवणदोष आहे.

डोळेही ऐकण्यास मदत करतात. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी ‘बा’ हा ध्वनी ‘गा’ म्हणणाऱ्या ओठांवर जोडून दाखविला, तेव्हा पुष्कळांना ‘दा’ ऐकू आले! म्हणून टीव्ही बंद करावा, समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, सावकाश बोलावे. कळले नाही, तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलावेत.

प्रथम कानात मळ नाही ना, हे तपासून घ्यावे. तेल घालू नये, काडीही नको. मग श्रवणचाचणी. श्रवणयंत्र घेतले, तर पहिल्याच आठवड्यात ते कपाटात टाकू नये. विसरलेले ध्वनी पुन्हा ओळखायला मेंदूला काही आठवडे लागतात. सुरुवातीला वर्तमानपत्राची सळसळसुद्धा कर्कश वाटते.

एका कानाने काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर ते वयाच्या खाती घालू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. उपचार लवकर सुरू झाले, तर श्रवण परत येण्याची शक्यता अधिक असते.