शेजारचा योगवर्ग आणि आपले कर्तव्य

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून स्वीकारला. भारताने मांडलेल्या त्या ठरावाचे १७७ देश सहप्रस्तावक होते. २०१५ पासून दरवर्षी त्या दिवशी मैदाने फुलतात, शाळांची प्रांगणे गजबजतात, आणि प्रत्येक भारतीयाचे मन अभिमानाने भरून येते. ते स्वाभाविकच आहे. परंतु खरा प्रश्न २२ जूनच्या सकाळचा आहे. आपल्या वस्तीतील समाजमंदिरात वर्षानुवर्षे चालणाऱ्या योगवर्गात त्या सकाळी किती सतरंज्या अंथरल्या जातात? अनेक ठिकाणी सात-आठ निवृत्त मंडळी आणि सत्तरीकडे झुकलेले एक शिक्षक, एवढेच चित्र दिसते. त्याच वस्तीच्या हमरस्त्यावर मात्र आरसे लावलेला, मंद संगीताचा, वातानुकूलित ‘योगा स्टुडिओ’ भरभरून चालतो. मधल्या पिढीला योग हवा आहे, हे यातून स्पष्ट होते. तो कोठे आणि कोणाकडून घ्यावा, याचा विवेक मात्र सुटत चालला आहे.

स्टुडिओशी आपले वैर असण्याचे कारण नाही. स्वच्छता, वेळेचा काटेकोरपणा, नोकरदार स्त्री-पुरुषांना सोयीच्या वेळा या गोष्टी आपल्या पारंपरिक वर्गांनी त्यांच्याकडून अवश्य घ्याव्यात. योग धुळीच्या सतरंजीवरच करावा, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. उलट हठप्रदीपिकेत स्वात्मारामांनी साधकाची कुटी सारवलेली, स्वच्छ आणि कीटकरहित असावी, असे बजावले आहे. तेव्हा जागा नेटकी हवीच. मात्र जागा हे साधन आहे. निवड करायची ती शिक्षकाची आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या परंपरेची.

या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. मालसरच्या परमहंस माधवदासजींच्या दोन शिष्यांनी ही भूमी कर्मभूमी केली. योगेंद्रजींनी १९१८ मध्ये मुंबईत ‘द योग इन्स्टिट्यूट’ची स्थापना केली, तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम उभे केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून यौगिक क्रियांना प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहिले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये गुरूंच्या आज्ञेने पुण्यास आले आणि अखेरपर्यंत पुणेकर होऊन राहिले. कोकणात जन्मलेल्या जनार्दनस्वामींनी नागपुरात योगाभ्यासी मंडळ स्थापून निःशुल्क योगप्रसाराचे व्रत घेतले. १९७२ मध्ये एकनाथजी रानडे यांनी विवेकानंद केंद्राची उभारणी केली, तेव्हा त्याच्या कार्यपद्धतीत योगवर्गाला मानाचे स्थान मिळाले. यांच्या पद्धती भिन्न आहेत, परंतु गृहस्थाश्रमातील सामान्य माणसापर्यंत योग पोहोचावा ही तळमळ सर्वांची एकच. आज महाराष्ट्रातील असंख्य गल्ल्यांतून चालणारे साधे योगवर्ग हे या तळमळीचेच फळ आहे. आपल्या घराजवळचा वर्ग यांपैकी कोणत्या प्रवाहातून आला, शिक्षक कोठे आणि किती काळ शिकले, हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. परंपरेतील शिक्षकाला आपल्या गुरूचे नाव सांगताना आनंदच होतो.

वर्गात नाव नोंदवण्यापूर्वी एक दिवस कोपऱ्यात बसून तो पाहावा. पहिली कसोटी ही, की नवागताला शिक्षक प्रथम काय विचारतात? शुल्क कोणत्या प्रकारे भरणार हे, की प्रकृती कशी आहे हे? काचबिंदू किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्याला शीर्षासन वर्ज्य असते. हर्निया असलेल्याला आणि गर्भवतीला कपालभाती देऊ नये. मणक्यातील चकती सरकलेली असेल तर पुढे वाकण्याची आसने अपाय करतात. या गोष्टींची चौकशी न करता सर्वांना एकाच दावणीला बांधणारा वर्ग कितीही नामांकित असला तरी टाळावा. दुसरी कसोटी शिक्षकांच्या दृष्टीची. ती आरशातील स्वतःच्या प्रतिमेवर आहे की मागच्या रांगेत गुडघा धरून बसलेल्या आजींवर? तिसरी कसोटी शेवटच्या दहा मिनिटांची. शवासन आणि श्वासाकडे लक्ष यांना तेथे स्थान आहे, की घामाच्या धारा निघाल्या की वर्ग संपला? हठप्रदीपिकेत अवघी पंधरा आसने वर्णिली आहेत, घेरंडसंहितेत बत्तीस. रोज नवे आसन दाखवण्याची चढाओढ लावणाऱ्याने हे आकडे आठवावेत. चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची. सहा महिन्यांनी शिष्य घरी एकटा बसून, कोणाच्याही सूचनेविना, अर्धा तास साधना करू शकेल का? जो वर्ग शिष्याला स्वावलंबी करतो तो योगवर्ग. जो त्याला कायमचा ग्राहक करून ठेवतो, ते दुकान.

प्रमाणपत्रांविषयीही थोडे तारतम्य हवे. अमेरिकेतील ‘योगा अलायन्स’ या खासगी संस्थेने दोनशे तासांची मोजपट्टी घालून दिली आणि पाहता पाहता ऋषिकेशपर्यंत महिन्याभरात ‘योगशिक्षक’ घडवणारे अभ्यासक्रम निघाले. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या पुढाकाराने २०१५ मध्ये योगशिक्षकांच्या प्रमाणनाची योजना आली आणि २०१८ मध्ये त्यासाठी योग प्रमाणन मंडळ अस्तित्वात आले. हे पाऊल योग्यच आहे. शिक्षकाकडे असे प्रमाणपत्र असल्यास उत्तम. पण दोनशे तासांत आसनांची नावे पाठ होतात, शिष्याचा चेहरा वाचण्याची कला वर्षानुवर्षांच्या स्वतःच्या साधनेतूनच येते. म्हणून प्रमाणपत्र पाहावे, आणि त्यानंतर शिक्षक स्वतः रोज किती वेळ साधना करतात, हेही विचारावे.

नावांचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्याने १९९३ पासून शासकीय शाळांत योगाला बंदी घातली होती. २०२१ मध्ये ती उठली, पण कोणत्या अटींवर? सर्व आसनांना केवळ इंग्रजी नावे असावीत. मंत्र, मुद्रा आणि ‘नमस्ते’ हे अभिवादनही चालणार नाही. म्हणजे फळ हवे, परंतु झाडाचे नाव घ्यायचे नाही! त्याआधी अमेरिकेत बिक्रम चौधुरी यांनी आपल्या २६ आसनांच्या क्रमावर स्वामित्वहक्क सांगितला होता. २०१५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो फेटाळला. सहस्रावधी वर्षे मुक्तपणे वाहत आलेल्या गंगेवर कुंपण घालण्याचाच तो प्रयत्न होता. परक्यांचा राग येणे सोपे आहे. पण पुण्या-मुंबईच्या वर्गात ‘अधोमुख श्वानासन’ म्हणायला लाजून ‘डाऊनवर्ड डॉग’ म्हणणारे शिक्षक आणि त्यांच्यापुढे माना डोलावणारे आपण, यांना कोणत्या कायद्याने भाग पाडले आहे? ज्या वर्गात आसनाचे नाव, त्याचा अर्थ आणि यम-नियमांचा विचार मुलांच्या कानावर पडतो, तेथे व्यायामासोबत संस्कारही घडतो. आपल्या मुलांना तो मिळावा की न मिळावा, हे आपल्याच हाती आहे.

मात्र येथेच एक सावधगिरी सांगितली पाहिजे. भिंतीवर ॐ आहे, पडदे भगवे आहेत, आरंभी प्रार्थना होते, एवढ्यावरून वर्ग चांगला ठरत नाही. आपल्याच मंडळींपैकी काही जण अभिमानाच्या भरात योगाने वाटेल तो असाध्य रोग बरा होतो, असे ठोकून देतात. मधुमेहाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला औषध बंद करण्याचा सल्ला देणाऱ्या शिक्षकाला तत्काळ नमस्कार करून बाहेर पडावे, मग तो कितीही ‘आपला’ असो. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो, ही लोकप्रिय समजूत स्वामी कुवलयानंदांनी प्रयोगाने तपासली. तिला आधार मिळाला नाही, तेव्हा त्यांनी ते निःसंकोचपणे लिहून प्रसिद्ध केले. त्याने प्राणायामाचे महत्त्व तसूभरही उणे झाले नाही, उलट कैवल्यधामाच्या शब्दाला वजन आले. सत्य हा यमांपैकी एक आहे, हे विसरून योगाचा प्रचार करता येणार नाही. अतिशयोक्तीने परंपरेची सेवा होत नाही, तिची नाचक्की होते.

राहिला प्रश्न शुल्काचा. हमरस्त्यावरील स्टुडिओत महिन्याला काही हजार रुपये विनातक्रार मोजणारे कुटुंब समाजमंदिरातील शिक्षकांना गुरुपौर्णिमेला नारळ आणि शाल देऊन मोकळे होते. निःशुल्क सेवा हे देणाऱ्याचे व्रत आहे, घेणाऱ्याचा हक्क नव्हे. घेणाऱ्याने आपणहून दक्षिणा द्यावी. नव्या सतरंज्या, एखादा पंखा, स्वच्छतागृहाची दुरुस्ती यांचा भार वस्तीने उचलावा. तरुण शिक्षकाला सन्मानाने जगता येईल एवढे मानधन मिळाले, तरच आजच्या वृद्ध शिक्षकांच्या जागी उद्या कोणी उभे राहील.

आपल्या नगरात, आपल्या उपनगरात असा एक वर्ग बहुधा चालत्या अंतरावरच असतो. पहाटे अर्धा तास गाडी चालवून गाठावा लागणारा उत्तम वर्ग पावसाळ्याच्या पहिल्या सरीतच सुटतो. शेजारचा बरा वर्ग वर्षानुवर्षे टिकतो. तो पाहून यावे, कसोट्या लावाव्यात, त्यांस उतरला तर सहकुटुंब नाव नोंदवावे. उणीव दिसली तर नाके न मुरडता ती दूर करण्यास हात लावावा. आणि वर्ग नसेलच, तर एखाद्या प्रशिक्षित शिक्षकाला बोलावून सोसायटीच्या गच्चीवर तो सुरू करावा. कार्यकर्त्याला ही गोष्ट अवघड नाही. योगदिनाचा ठराव राष्ट्रसंघात संमत झाला, पण योग टिकणार आहे तो पहाटे साडेपाच वाजता समाजमंदिराचे कुलूप उघडणाऱ्या माणसामुळे. त्याच्या सोबतीला उद्या सकाळी आपल्या घरातून किमान एकाने तरी जावे.