शेजारी कोणास म्हणावे?

नाताळ जवळ आला की वसईपासून मिरजेपर्यंत ख्रिस्ती घरांच्या दारांत चांदण्यांचे आकाशकंदील लागतात आणि केक, करंज्या, नेवऱ्या यांची ताटे शेजारच्या घरी जाऊ लागतात. दिवाळीत फराळाचे जे ताट त्या घरी गेले, तेच डिसेंबरात भरून परत येते. हा परिपाठ गोड आहे व तो टिकला पाहिजे. परंतु शेजाऱ्यावर स्वतःइतकी प्रीती करावी ही जी ख्रिस्ती धर्मातील थोर आज्ञा, तिची पूर्तता एवढ्या देवघेवीने होते काय, हे सणाच्या दिवसांत विचारणे अप्रस्तुत होणार नाही.

शेजारी म्हणावे तरी कोणास, असे एका शास्त्र्याने येशूस विचारल्याचे लूकच्या शुभवर्तमानात आले आहे. येशूने उत्तरादाखल एक कथा सांगितली. यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या एका माणसास लुटारूंनी अर्धमेला करून टाकले. याजक आला, त्याने पाहिले व तो दुसऱ्या बाजूने निघून गेला. लेव्यानेही तेच केले. थांबला तो शोमरोनी, ज्याच्या लोकांशी यहुदी संबंध ठेवीत नसत. त्याने जखमा बांधल्या, जखमीस आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, तेथील माणसाच्या हाती दोन दीनार ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना तो फेडण्याचे वचन दिले. मग येशूने शास्त्र्यासच विचारले की, या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला? शेजाऱ्यांची यादी मागणाऱ्यास स्वतः शेजारी होण्याची जबाबदारी मिळाली!

महाराष्ट्रात या कथेचे भाष्य पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याने लिहिले. तरुणपणी दुष्काळाने त्यांचे आईवडील हिरावून नेले होते. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व विधवा यांना त्यांनी आश्रय दिला. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अन्नाबरोबर शिक्षण मिळाले, पोटापाण्याचे उद्योगही मिळाले. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. शेकडो मैलांवरच्या, ना आळीतल्या ना नात्यातल्या मुलींच्या त्या शेजारी झाल्या, हे कोणास नाकारता येईल?

आज शहरांत भिंतीला भिंत लागली आहे. तरीही भाड्याने जागा मागावयास आलेल्याचे आडनाव, धर्म आणि त्याच्या चुलीवर काय शिजते हे विचारून दार लावून घेणारे घरमालक आपणांस अपरिचित नाहीत. ज्याच्या घरचा केक चवीने खावा, त्याच्याच भावास जागा देताना धर्म आठवावा, हा कोणता शेजारधर्म? ख्रिस्ती समाजासही स्वतःकडे पाहावे लागेल. मागे सोडलेल्या जातींच्या भिंती देशात कित्येक ठिकाणी चर्चमध्ये, इतकेच नव्हे तर दफनभूमीतही, उभ्या राहिल्या. यरीहोच्या वाटेवरील याजक केवळ दुसऱ्यांच्याच धर्मात असतो असे नाही.

शोमरोन्याने परत येण्याचे वचन दिले होते, हे आम्हांस त्या कथेत विशेष महत्त्वाचे वाटते. एका दिवसाची दया सोपी असते. जिन्यापलीकडे एकट्या राहणाऱ्या वृद्धाचे औषध आणून देण्यास जानेवारीतही जावे लागते, आणि जागा देताना आडनाव न विचारण्याचा निश्चय वर्षभर पाळावा लागतो. आकाशकंदील उतरल्यानंतरही शेजाऱ्याचे दार ठोठावण्याचा नेम सर्वधर्मीय वाचकांनी या नाताळात धरावा, अशी आमची विनंती आहे.