जादूला नियम हवेत : दासबोधातील यादी, नाथांचे भस्म आणि फाशांचा खेळ

१/ टेबलाभोवती चार-पाच जण बसले आहेत. समोर वीस बाजूंचा फासा आहे. एक जण कथा सांगतो, बाकीचे त्या कथेतील पात्रे होतात. मांत्रिकाची भूमिका घेतलेला खेळाडू शत्रूवर अग्निगोल टाकायला निघतो आणि त्याआधी आपल्या कागदाकडे पाहतो : आजचे किती मंत्र उरले? जादूच्या जगात हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे. या सूत्राचा विषय तोच प्रश्न आहे.

२/ या खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यातील मंत्रांची मूळ कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकातून आली. तेथे मांत्रिक मंत्र पाठ करतो, आणि एकदा उच्चारला की तो त्याच्या स्मरणातून पुसला जातो. सामर्थ्य आहे, पण ते मोजके आहे.

३/ १९७८ च्या नियमपुस्तकात मंत्राची तीन अंगे ठरली : उच्चार, हातवारे आणि द्रव्य. अग्निगोलाला गंधक आणि वटवाघळाची विष्ठा लागते. विजेच्या लोळाला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची किंवा अंबराची कांडी लागते. त्यातला विनोद विज्ञान शिकलेल्याला लगेच कळतो, कारण स्फोटक दारूत गंधक असतो आणि केसांवर अंबर घासले की स्थिरविद्युत निर्माण होते.

४/ जादूच्या वस्तूंनाही हाच न्याय आहे. २०१४ च्या आवृत्तीत एका पात्राला, मोजके अपवाद वगळता, तीनहून अधिक प्रभावी वस्तूंशी एका वेळी नाते जोडता येत नाही. कांडीत ठरावीकच शक्ती साठलेली असते. ती पूर्ण वापरली तर कांडीची राख होण्याचा धोका असतो, आणि तो धोका फासा ठरवतो. हा नियम पुस्तकात छापलेला असतो आणि टेबलावरच्या प्रत्येकाला वाचता येतो.

५/ जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात, तीर्थपुरीसारख्या गावी, हा खेळ परका वाटेल. त्यातला विचार मात्र तेथे परका नाही. याच तालुक्यातील जांब येथे १६०८ मध्ये नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचा जन्म झाला. पुढे ते समर्थ रामदास म्हणून ओळखले गेले.

६/ दासबोधाच्या पाचव्या दशकातील दुसऱ्या समासात समर्थांनी करामती दाखवणाऱ्या गुरूंची यादी दिली आहे. तीत सभामोहन आहे, चेटूक आहे, साबर मंत्र आहेत, औषधीप्रयोग आहेत, सोने करण्याचा मार्ग आहे आणि दृष्टिबंधनही आहे. अमेरिकन खेळात मंत्रांच्या आठ शाखा मानतात. त्यांत मन मोहून टाकणारी एक, भास निर्माण करणारी दुसरी आणि वस्तूचे रूप पालटणारी तिसरी आहे. सभामोहन, दृष्टिबंधन आणि सुवर्णसिद्धी यांच्याशी त्या सहज जुळतात.

७/ हे साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. माणूस जादूची कल्पना करू लागला की त्याच त्या इच्छा वर येतात : दुसऱ्याचे मन आपल्या बाजूला वळावे, दिसते ते बदलावे, मातीचे सोने व्हावे. समर्थांचा आक्षेप नेमका आहे. अशी करामत दाखवणाऱ्यालाही लोक गुरू म्हणतात, पण तो मोक्ष देणारा सद्गुरू नव्हे. चमत्कार हा अधिकाराचा पुरावा ठरत नाही.

८/ आता दुसरा ग्रंथ. धुंडीसुत मालू यांनी ‘नवनाथ भक्तिसार’ शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण केला. चाळीस अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ आजही महाराष्ट्रातील असंख्य घरांत पारायणाला बसवला जातो. त्यात साबरी विद्येला कडक नियम आहेत. मच्छिंद्रनाथांना ती आयती मिळत नाही. सप्तशृंगीच्या देवीचे साह्य, अनुष्ठान आणि एकेका देवतेचा वर, अशी ती साधत जाते.

९/ प्रयोगाचीही पद्धत ठरलेली आहे : ओठांत मंत्र, चिमटीत भस्म आणि ते फेकण्याची क्रिया. उच्चार, द्रव्य, हातवारा. स्पर्शास्त्राने पाय भूमीला खिळतात, वाताकर्षणाने प्राण कोंडतो, आणि एका अस्त्रावर दुसरे अस्त्र उतारा म्हणून चालते. नियमपुस्तकाच्या वाचकाला ही रचना लगेच ओळखू येईल.

१०/ नियम कसा बोलतो ते गहिनीनाथांच्या जन्मकथेत दिसते. गोरक्षनाथ संजीवनी मंत्राचा पाठ करीत असतात. खेळणारी मुले त्यांच्याकडे चिखलाचा पुतळा मागतात. मुखी पाठ चालू असतानाच हात पुतळा घडवतात, आणि पुतळा जिवंत होतो. मुले भुताच्या भीतीने पळ काढतात. मंत्राने हेतू विचारला नाही. त्याने फक्त आपले काम केले.

११/ याहून महत्त्वाची कथा गोरक्षनाथांच्या स्वतःच्या जन्माची. पुत्राची इच्छा असलेल्या स्त्रीला मच्छिंद्रनाथ भस्म देतात. शेजारणींच्या बोलण्याने तिचे मन शंकते आणि ती ते उकिरड्यावर टाकते. बारा वर्षांनी नाथ परततात, हाक मारतात, आणि उकिरड्यातून गोरक्ष बाहेर येतात. त्या स्त्रीचा विश्वास बसला नव्हता, तरीही भस्म निष्फळ झाले नाही.

१२/ या तपशिलावर थांबायला हवे. आजचा भोंदू बाबा नेमके याच्या उलट बोलतो. उपाय फसला की तो म्हणतो, ‘तुमची श्रद्धा कमी पडली.’ त्याच्या शक्तीला मर्यादा नसते, तिचा नियम त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नसतो, मोल मात्र समोरच्याने द्यायचे असते, आणि अपयशाचा दोषही त्याच्याच पदरी पडतो. ज्या परंपरेचे नाव घेऊन हे चालते, तिची सर्वांत प्रसिद्ध कथाच या सबबीला आधार देत नाही.

१३/ या सबबीची किंमत काही जणांनी जिवाने मोजली आहे. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आहे. पूजा, वारी, कीर्तन आणि पारायण यांना हा कायदा हात लावत नाही.

१४/ खेळाचीही एकदा चौकशी झाली. १९८० च्या दशकात अमेरिकेत असा गवगवा झाला की हा खेळ मुलांना खरी चेटूकविद्या शिकवतो. भीती चुकीच्या जागी होती. ज्या मुलाने रोज मंत्र मोजले, फासा उलटा पडल्यावर हार स्वीकारली आणि नियमाचा अर्थ न पटल्यास पुस्तक उघडून वाद घातला, त्याला ‘मला अमर्याद शक्ती आहे’ हे वाक्य ऐकताच संशय येण्याचीच शक्यता अधिक.

१५/ कोणी म्हणेल, पवित्र ग्रंथाची तुलना खेळाशी का? येथे तुलना ग्रंथाच्या पावित्र्याशी नाही, त्यातील नियमबद्धतेशी आहे. मालूंनी नाथांच्या सामर्थ्यालाही साधनेची अट घातली. समर्थांनी सामर्थ्य आणि गुरुत्व वेगळे केले. दोघांच्याही लेखनात सामर्थ्य बेलगाम नाही. त्यांचा आदर करायचा तर ही बाजू झाकून कशी चालेल?

१६/ म्हणून कोणी जादूचा दावा करीत दारात आला, तर टेबलावरचा खेळाडू जे विचारतो तेच विचारावे. याची मर्यादा काय? याचे मोल कोण देणार? आणि फसले तर दोष कोणाचा? आणि घरात कोणाला साप चावला असेल, तर उत्तराची वाट न पाहता आधी दवाखाना गाठावा.