तापमानाच्या मापातही पाप नको

दुकानातील तराजूला ठरलेल्या मुदतीत वैध मापन शास्त्र खात्याचा शिक्का लागतो. वजन कमी भरले तर गिऱ्हाईक तिथल्या तिथे भांडते. परंतु त्याच दुकानातील डीप फ्रीझरवर चमकणारा ‘उणे १८’ हा आकडा खरा की खोटा, हे ना गिऱ्हाईक विचारते, ना दुकानदार. काट्याच्या तराजूबद्दल आपण जितके सावध, तितकेच तापमापकाबद्दल बेफिकीर आहोत. ही बेफिकिरी आता परवडणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण असे की तापमान दाखविणाऱ्या आणि ते बिघडल्यास भोंगा वाजविणाऱ्या पेट्या बनविणे हा आता लहान कारखान्यांचा धंदा झाला आहे. फ्रीज-एसीची दुरुस्ती करणारे, आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेले आपले अनेक तरुण यात उतरत आहेत. आइस्क्रीमवाले, मटण-मासळीचे व्यापारी, दूध डेअऱ्या आणि औषधांची दुकाने हे त्यांचे गिऱ्हाईक. भांडवल थोडे लागते, माल लामिंग्टन रोडवर मिळतो आणि कार्यक्रम लिहिता आला की पेटी तयार होते. मेहनतीच्या या कामाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु पेटी चालू होणे आणि पेटी खरे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका फ्रीजची गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका तरुण मेकॅनिकने अशा काही पेट्या बनवून औषधांच्या दुकानांना विकल्या. काचेच्या दाराच्या फ्रीजमध्ये पेटी टांगायची आणि बाहेरून आकडा वाचायचा, अशी सोय होती. पेटीवर एक दशांश स्थळापर्यंत आकडा दिसे आणि खोक्यावर ‘०.१ अंशापर्यंत अचूक’ असे छापलेले होते. एका दुकानदाराने तक्रार केली की पेटी ३ अंश दाखवते आणि मागच्या कप्प्यात मात्र बर्फाचे कण धरतात. मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, “चाचा, चिप तर नवीकोरी आहे. चूक फ्रीजचीच असणार.”

त्या फ्रीजमध्ये इन्सुलिन होते. इन्सुलिनचा न उघडलेला साठा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचा असतो. ८ च्या वर गेले तर ते हळूहळू निकामी होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. परंतु ते एकदा गोठले तर पुन्हा वितळल्यावरही वापरायचे नसते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणजे पेटी दोन अंशांनी खोटे बोलली तर त्याचे नुकसान दुकानदाराला नव्हे, मधुमेहाच्या एखाद्या रुग्णाला सोसावे लागणार, आणि त्याला ते कधी कळणारही नाही.

प्रश्न असा होता की खरे तापमान ठरवायचे कसे? मुलाची पेटी खोटी म्हणायला दुसरे खरे माप हाताशी हवे. यासाठी आम्ही डिजिटल तापमान सेन्सरचा एक इव्हॅल्युएशन बोर्ड मागविला.

हा बोर्ड म्हणजे काय?

चिप बनविणारी कंपनी आपली चिप एका छोट्या सर्किट बोर्डावर बसवून विकते, जेणेकरून कारखानदाराने स्वतःचे सर्किट बनविण्याआधी ती पारखून घ्यावी. यालाच इव्हॅल्युएशन बोर्ड म्हणतात. आम्ही घेतला तो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमपी ११७ या सेन्सरचा. आकार पेन ड्राइव्हसारखा. एका टोकाला यूएसबीचा प्लग, मध्ये संगणकाशी बोलणारा एमएसपी ४३० जातीचा मायक्रोकंट्रोलर आणि दुसऱ्या टोकाला तो इवलासा सेन्सर. या सेन्सरबाबत कंपनीची हमी अशी की उणे २० ते ५० अंशांच्या दरम्यान चूक जास्तीत जास्त ०.१ अंशाची राहील. फ्रीजचे २ ते ८ आणि फ्रीझरचे उणे १८ हे दोन्ही आकडे याच पट्ट्यात येतात, म्हणून आम्ही हाच निवडला.

मांडणी अवघड नाही. बोर्ड संगणकाला लावावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याचा कार्यक्रम सुरू करावा. पडद्यावर आलेख धावू लागतो, नोंदी फाइलमध्ये साठविता येतात आणि सेन्सरच्या आतली रजिस्टरेही बघता येतात. पंधरा मिनिटांत सर्व काही चालू होते. आमची पहिली चूकही त्याच पंधरा मिनिटांत झाली.

बोर्ड आम्ही थेट लॅपटॉपच्या बाजूला खोचला. भिंतीवरच्या तापमापकात २८ आणि बोर्डावर ३१. क्षणभर वाटले, बोर्डच सदोष आहे. नंतर हात लावून पाहिले तर लॅपटॉपची ती कडच गरम होती. सेन्सर खोटे बोलत नव्हता. तो जिथे बसला होता तिथले तापमान सांगत होता, खोलीचे नव्हे. यूएसबीची लांब वायर लावून बोर्ड टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि आकडा खाली आला.

बोर्ड बनविणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक आहे. म्हणूनच सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर यांच्या मध्ये टपालाच्या तिकिटांसारखी भोके पाडलेली आहेत. तिथे बोर्ड मोडायचा, सेन्सरचा तुकडा वेगळा करायचा आणि चार वायरींनी पुन्हा जोडायचा: वीज, अर्थ, क्लॉक आणि डेटा. मग सेन्सर फ्रीजमध्ये आणि गरम होणारे सर्व सामान बाहेर. आमच्या मते या बोर्डाचा सर्वांत मोठा धडा त्या भोकांच्या ओळीतच आहे.

आधी मापाचेच माप

नवे माप आले म्हणून ते खरे मानू नये. बोर्ड फ्रीजमध्ये नेण्याआधी आम्ही त्याची बर्फाची परीक्षा घेतली. स्वच्छ, शक्य तर डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये दाबून भरावा आणि फटी भरतील एवढेच थंड पाणी त्यात घालावे. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत हे मिश्रण ० अंशावरच राहते. सेन्सरचा तुकडा पातळ प्लॅस्टिकमध्ये पाणी शिरणार नाही असा बांधून मधोमध ठेवावा. तो बुडाशी किंवा भिंतीला टेकू देऊ नये. अधूनमधून ढवळावे आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे. नुसत्या पाण्यात बर्फाचे चार खडे तरंगत ठेवून ही परीक्षा होत नाही, कारण खालचे पाणी ० च्या वर राहते. आमचा बोर्ड या परीक्षेत ०.१ अंशाच्या आत उतरला.

मग सेन्सर त्या औषधाच्या फ्रीजमध्ये मुलाच्या पेटीशेजारी ठेवला, पातळ वायर दाराच्या रबरातून बाहेर काढली आणि रात्रभर नोंदी घेतल्या. पेटी ३ दाखवीत होती तेव्हा बोर्डावर १ च्या आसपास आकडा होता. पहाटे तो शून्याला जाऊन भिडला. पेटी उघडली तेव्हा कारण दिसले. सेन्सर होता त्याच सर्किटवर, बोटभर अंतरावर विजेचा रेग्युलेटर होता, आणि त्याची ऊब तांब्याच्या पट्टीतून सेन्सरपर्यंत पोहोचत होती. चिप खरोखरच नवीकोरी होती. जागा चुकली होती. मुलाने सेन्सर वायरीने पेटीबाहेर काढला आणि फरक जवळजवळ नाहीसा झाला. विकलेल्या सगळ्या पेट्या त्याने परत घेऊन सुधारून दिल्या, ही त्याची इमानदारी. दुकानदारालाही तो साठा न विकता बाजूला काढावा लागला.

आकड्यांचा हिशेब

ज्यांना पुढे स्वतःचा कार्यक्रम लिहायचा आहे, त्यांनी बोर्डाच्या पडद्यावर रजिस्टरचा आकडा आणि तापमान शेजारी-शेजारी ठेवून पाहावे. टीएमपी ११७ मध्ये एका अंशाचे १२८ भाग असतात. रजिस्टरमध्ये ३२०० आले तर १२८ ने भागून २५ अंश. येथवर सोपे आहे. गडबड शून्याच्या खाली होते. उणे १८ अंशांना रजिस्टरमध्ये ६३२३२ हा आकडा येतो. तो ऋण आकडा आहे हे कार्यक्रमाला सांगितले नाही, तर फ्रीझरचे तापमान चक्क ४९४ अंश दिसते. टेबलावर खोलीच्या तापमानात पेटी तपासून विकणाऱ्याला ही चूक गिऱ्हाइकाच्या दुकानातच कळते.

आणखी एक गोष्ट. वीज दिल्यावर पहिले मोजमाप पुरे होण्याआधीच वाचले तर हा सेन्सर उणे २५६ दाखवतो. बाजारात जास्त चालणारा डीएस १८ बी २० हा सेन्सर तशाच वेळी ८५ दाखवतो. हे आकडे तापमान नव्हेत, ‘अजून मोजलेले नाही’ अशी ती खूण आहे. लाइट गेली आणि आली की भोंगा वाजविणाऱ्या पेट्यांचे रहस्य पुष्कळदा यातच असते. भोंगा विनाकारण वाजला की दुकानदार तो कायमचा बंद करून टाकतो आणि खरी वेळ येते तेव्हा पेटी मुकी असते.

दशांश स्थळांविषयीही सांगितले पाहिजे. डीएस १८ बी २० हा अंशाचा सोळावा भाग दाखवू शकतो, पण त्याची हमी उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाची आहे, आणि फ्रीझरचे उणे १८ तर त्या पट्ट्याच्याही बाहेर पडते. शिंप्याची टेप ताणून लांब झाली असेल तर तिच्यावर बारीक रेघा कितीही असोत, सदरा आखूड किंवा लांबच होणार. ‘०.१ पर्यंत दाखवते’ आणि ‘०.१ पर्यंत अचूक’ यांतला फरक खोक्यावर लपविणे हे सरळ सरळ मापात पाप आहे. त्यातच या सेन्सरच्या नकली प्रतीही बाजारात पुष्कळ फिरतात. त्या हुबेहूब दिसतात, पण त्यांच्यामागे कोणाची हमी नसते. म्हणून सेन्सर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा.

दोन आक्षेप

आमचे काही कारखानदार मित्र म्हणतात की चिपच्या कितीतरी पट किंमत बोर्डाला मोजण्यापेक्षा ती चिपच थेट वापरू. यावर आमचे म्हणणे असे की महाग सेन्सर प्रत्येक पेटीत घालण्याची गरजच नाही. २ ते ८ अंशांच्या फ्रीजसाठी अर्ध्या अंशाचा साधा सेन्सर योग्य जागी बसविला आणि भोंग्याची मर्यादा थोडी आत ठेवली तर तो पुरतो. परंतु कारखान्यात एक माप असे हवे की ज्याच्याशी बाकी सर्व मापे ताडून बघता येतील. किराणा दुकानदार वजने शेकडो वापरीत असेल, पण तो शिक्क्याचे वजन एक तरी जपून ठेवतोच. बोर्ड हे तसे वजन आहे. तो पेटीत घालून विकायची वस्तू नव्हे. आणि ज्या गिऱ्हाइकाला दाखला हवा असेल, त्याच्यासाठी एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतूनच पेटी तपासून घ्यावी. घरची बर्फाची परीक्षा त्या दाखल्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप असा की गिऱ्हाईक कुठे तपासते? हा आक्षेप नसून कबुली आहे. गिऱ्हाईक तपासू शकत नाही म्हणूनच तपासण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर दुप्पट येते. सोनाराकडे आणि औषधवाल्याकडे माणूस भरवशावर जातो. तापमापक विकणाराही आता त्याच रांगेत बसला आहे.

आमची सूचना साधी आहे. एकट्याला खर्च जड वाटत असेल तर पाच-सहा कारखानदारांनी मिळून एक बोर्ड घ्यावा. आयटीआय आणि पॉलिटेक्निकनी असा एक बोर्ड आणि एक थर्मास आपल्या कार्यशाळेत ठेवावा आणि शेजारच्या मेकॅनिकांसाठी आठवड्यातून एक दिवस दार उघडे ठेवावे. प्रत्येक नव्या नमुन्याची पेटी एकदा बर्फात, एकदा गिऱ्हाइकाच्या खऱ्या फ्रीजमध्ये आणि एकदा वीज घालवून-आणून तपासल्याशिवाय विकू नये. या कामाला दोन दिवस लागतात. मुलाने परत घेतलेल्या पेट्यांसाठी त्याला महिना घालवावा लागला होता.

तो मुलगा आजही पेट्या बनवितो. खोक्यावर आता ‘चूक अर्ध्या अंशापर्यंत’ असे छापलेले असते. आकडा पूर्वीपेक्षा मोठा दिसतो म्हणून सुरुवातीला विक्री थोडी घटली, हेही आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण ज्या औषधवाल्याने तक्रार केली होती, त्यानेच आपल्या दुसऱ्या दुकानासाठी आणखी एक पेटी मागविली. धंद्यात बरकत येते ती अशाच वाटेने येते, यावर आमचा विश्वास आहे.