विश्लेषण : पापणीवरची गाठ पुन:पुन्हा येतेय? रांजणवाडी समजून दुर्लक्ष का नको?

पापणीवर गाठ आली की बहुतेक घरांत 'रांजणवाडी आहे, शेकलं की जाईल' असेच म्हटले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र क्वचित या गाठीमागे तैलग्रंथींचा कर्करोग असू शकतो.

हा कर्करोग होतो कुठे?
पापणीच्या आत मायबोमियन ग्रंथींची रांग असते. त्यांतून स्रवणाऱ्या तेलामुळे डोळ्यातील अश्रू लवकर सुकत नाहीत. या ग्रंथींत होणाऱ्या कर्करोगाला 'सेबेशियस ग्लँड कार्सिनोमा' म्हणतात. वरच्या पापणीत या ग्रंथी जास्त असल्याने तेथे तो अधिक आढळतो.

भारतात वेगळे काय?
पाश्चात्त्य देशांत पापणीचा हा कर्करोग दुर्मीळ असून तेथे 'बेसल सेल' प्रकार सर्वाधिक दिसतो. भारतात मात्र पापणीच्या कर्करोगांत तैलग्रंथींच्या कर्करोगाचा वाटा मोठा आहे.

निदानाला उशीर का?
ही गाठ सहसा दुखत नाही आणि साध्या गाठीसारखीच दिसते. कधी एकाच डोळ्याला महिनोन्महिने लाली राहते. थेंब, मलम यांत वेळ जातो. दरम्यान, आजार कानासमोरच्या किंवा मानेतील लसिका गाठींपर्यंत पोहोचू शकतो.

कोणती लक्षणे धोक्याची?
काढलेली गाठ त्याच जागी परत येणे, तेथील पापणीचे केस गळणे, पापणीची कड जाड वा पिवळसर होणे. साठीनंतर अधिक सावध राहावे.

निदान, उपचार कसे?
काढलेल्या गाठीचा तुकडा तपासणीला पाठवणे, म्हणजे बायोप्सी, हाच खात्रीचा मार्ग. विशेषत: परत आलेली गाठ तपासल्याशिवाय फेकून देऊ नये. 'तुकडा तपासणीला पाठवला का?' हे रुग्णानेही विचारावे. वेळीच निदान झाले तर गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह काढून पापणी पुन्हा घडवता येते. उशीर झाल्यास पूर्ण डोळा काढण्याची वेळ येऊ शकते.

मराठवाड्यात कुठे जावे?
छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयात नेत्ररोग विभाग आहे. याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न कर्करोग रुग्णालय 2012 पासून कार्यरत आहे. त्यामुळे पहिल्या तपासणीसाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. गरज आहे ती गाठ दुसऱ्यांदा येताच डॉक्टरांकडे जाण्याची.