निरोपाचा गौरव आणि वारशाची कसोटी

गुरुग्राम : काचेच्या उत्तुंग इमारती, बहुराष्ट्रीय कंपन्यांची कार्यालये आणि नोकरीनिमित्त देशभरातून येऊन वसलेली कुटुंबे ही गुरुग्रामची आजची ओळख आहे. या शहराच्या सिव्हिल लाइन्स भागात ‘चर्च ऑफ द एपिफनी’ हे ब्रिटिश काळातील उपासनामंदिर अजून उभे आहे. अँग्लिकन परंपरेतून आलेली ही मंडळी आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या दिल्ली धर्मप्रांतात मोडते. सतत माणसे येत-जात असलेल्या अशा शहरात मंडळीचा पाळक हाच सातत्याचा धागा असतो. बाप्तिस्मा, विवाह, आजारपण, अंत्यविधी अशा प्रत्येक प्रसंगी तोच दारात उभा असतो. म्हणूनच असा लोकप्रिय धर्मगुरू निवृत्त होतो, तेव्हा शाल, मानपत्र आणि कृतज्ञतेची भाषणे ओघानेच येतात. ती यावीतही. तथापि, निवृत्त होणाऱ्या धर्मनेत्याचा गौरव नेमका कशासाठी करायचा, हा प्रश्न मात्र या समारंभांत सहसा विचारला जात नाही.

अँग्लिकन व्यवस्थेत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे बिशप वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. पद संपते, परंतु दीक्षा आजन्म राहते. निवृत्त धर्मगुरू उपासना चालवू शकतो, उपदेश करू शकतो आणि लोकांच्या मनातील त्याचे स्थानही कायम असते. परिणामी, नव्याने आलेल्याला बरेचदा आधीच्याच्या सावलीत काम करावे लागते. हे ओळखूनच अनेक अँग्लिकन धर्मप्रांतांत निवृत्त पाळकाने जुन्या मंडळीच्या कारभारापासून दूर राहावे, असा संकेत पाळला जातो. पदाचा त्याग कसा केला जातो आणि मागे काय उरते, यावरच त्या कारकिर्दीचे खरे मूल्यमापन होते. याचे एक ठळक उदाहरण गुरुग्रामच्या शेजारी, दिल्लीतच सापडते.

दिल्लीचा धडा

केंब्रिज मिशनने १८८१ मध्ये दिल्लीत सेंट स्टीफन्स महाविद्यालय स्थापन केले. पहिल्या २५ वर्षांत त्याचे प्राचार्यपद इंग्रजांकडेच राहिले. १९०६ मध्ये ते रिक्त झाले, तेव्हा १८८६ पासून तेथे अध्यापन करणारे सुशीलकुमार रुद्र हे सर्वांत अनुभवी होते. तरीही हिंदी माणसाच्या हाती संस्था सोपवावी की नाही, याविषयी मिशनच्या वरिष्ठांना शंका होती. अशा वेळी दोनच वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेले तरुण धर्मगुरू चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज यांनी ते पद स्वतः घेण्यास नकार दिला आणि रुद्र यांच्या नावाचा आग्रह धरला. रुद्र प्राचार्य झाले आणि अँड्र्यूज यांनी त्यांच्या हाताखाली काम केले. राज्यकर्त्या वंशातील माणसाने हिंदी सहकाऱ्याच्या आज्ञेत राहणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

रुद्र यांनी १७ वर्षे ही धुरा सांभाळली. ते दीक्षित धर्मगुरू नव्हते, तरी दिल्लीच्या अँग्लिकन वर्तुळात त्यांच्या शब्दाला धर्मगुरूइतकाच मान होता. १९१५ मध्ये महात्मा गांधी प्रथमच दिल्लीत आले, तेव्हा ते त्यांच्याकडेच उतरले. खिलाफतीच्या मागणीविषयी व्हाइसरॉयला लिहिलेल्या खुल्या पत्राचा मसुदाही त्याच घरात तयार झाला. आपल्या मुक्कामामुळे सरकारी रोष महाविद्यालयावर ओढवेल, अशी भीती गांधीजींना वाटत होती. रुद्र यांनी मात्र तो धोका जाणूनबुजून पत्करला. १९२३ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९२५ मध्ये सोलन येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर गांधीजींनीच ‘यंग इंडिया’मध्ये त्यांच्या मूक सेवेचे स्मरण करून या आठवणी लोकांसमोर आणल्या. पदावर असताना रुद्र यांनी त्याचा गवगवा केला नव्हता.

हा वारसा सरळ रेषेत पुढे गेला, असेही नाही. रुद्र यांच्यानंतर प्राचार्यपद पुन्हा एका इंग्रजाकडे, एफ. एफ. मंक यांच्याकडे गेले. १९२६ मध्ये एस. एन. मुखर्जी यांची नियुक्ती झाली आणि पुढे सुमारे दोन दशके ते त्या पदावर राहिले. एका व्यक्तीच्या यशाने व्यवस्था एका रात्रीत बदलत नाही. मात्र हिंदी माणसाला हे झेपणार नाही, हा युक्तिवाद रुद्र यांच्या कारकिर्दीने कायमचा निकालात काढला होता.

गोखल्यांपासून केपटाउनपर्यंत

अँड्र्यूज यांना दिल्लीबाहेरच्या कार्याकडे वळवण्यात एका मराठी नेत्याचा वाटा होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रेरणेने ते दक्षिण आफ्रिकेला गेले आणि जानेवारी १९१४ मध्ये दरबान येथे गांधीजींना भेटले. भर गर्दीत एका गोऱ्या धर्मगुरूने गांधीजींचे चरण स्पर्शिले, याने तेथील गौरवर्णीय समाज संतापला होता. त्याच दक्षिण आफ्रिकेने पुढे अँग्लिकन परंपरेला विसाव्या शतकातील तिचा सर्वांत लोकप्रिय धर्मनेता दिला.

डेस्मंड टुटू यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९३१ चा. कृष्णवर्णीयांना मुद्दाम निकृष्ट शिक्षण देणाऱ्या १९५३ च्या कायद्याच्या निषेधार्थ त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि ते चर्चकडे वळले. १९८४ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये केपटाउनचे पहिले कृष्णवर्णीय आर्चबिशप म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली. २७ वर्षांच्या कारावासानंतर फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला मुक्त झाले, तेव्हा स्वातंत्र्याची पहिली रात्र त्यांनी टुटू यांच्याच निवासस्थानी काढली. भारताने २००५ चा गांधी शांतता पुरस्कार टुटू यांना दिला, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती.

टुटू यांनी दोनदा निवृत्ती घेतली. १९९६ मध्ये ते आर्चबिशपपदावरून पायउतार झाले आणि एन्जोंगोन्कुलू एन्डुंगाने यांनी ती जागा घेतली. त्याआधीच मंडेला यांनी त्यांच्यावर सत्य आणि सलोखा आयोगाचे अध्यक्षपद सोपवले होते. जुलै २०१० मध्ये त्यांनी सार्वजनिक जीवनातूनही निवृत्त होण्याची घोषणा केली आणि त्यासाठी आपल्या ७९ व्या वाढदिवसाचा मुहूर्त निवडला. आता दुपारी पत्नीसमवेत रूइबॉस चहा प्यावा, क्रिकेट पाहावे, नातवंडांना भेटावे, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. जगभर मान असलेल्या माणसाची ही साधी यादी लोकांना भावली. अपरिहार्य होऊन बसण्याचा मोह त्यांनी टाळला होता.

त्यांनी विवेकबुद्धी मात्र निवृत्त केली नाही. २०११ मध्ये त्यांच्या ८० व्या वाढदिवसाला येऊ इच्छिणाऱ्या दलाई लामांना व्हिसा देण्यात सरकारने टाळाटाळ केली, तेव्हा ज्या पक्षाच्या मुक्तिलढ्याला त्यांनी साथ दिली होती, त्याच पक्षाच्या सरकारवर त्यांनी कठोर टीका केली. पदाचा अधिकार सोडून नैतिक अधिकार कसा वापरावा, याचा हा वस्तुपाठ होता. २६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिव स्वस्तातील साध्या लाकडी शवपेटीत ठेवण्यात आले होते.

गौरवात न मावणारे प्रश्न

अशा नेत्याच्या गौरवातही अपुऱ्या राहिलेल्या कामाची नोंद घ्यावी लागते. सत्य आणि सलोखा आयोगासमोर २१ हजारांहून अधिक पीडितांनी जबाब नोंदवले. माफीसाठी आलेल्या ७ हजार ११२ अर्जांपैकी केवळ ८४९ मंजूर झाले. ज्यांना माफी मिळाली नाही त्यांच्यावर खटले चालावेत आणि पीडितांना भरपाई मिळावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात २००३ मध्ये सरकारने प्रत्येकी ३० हजार रँड एकरकमी दिले. ही रक्कम आयोगाच्या शिफारशीपेक्षा खूपच कमी होती. खटल्यासाठी सोपवलेली सुमारे ३०० प्रकरणे बहुतांशी धूळ खात पडली. हे खटले जाणीवपूर्वक दडपले गेले काय, याच्या चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांना २०२५ मध्ये न्यायालयीन आयोग नेमावा लागला. टुटू यांनी स्वतः या दिरंगाईवर वारंवार बोट ठेवले होते. त्यामुळे त्यांचे गुणगान करताना ‘सलोखा’ तेवढा उचलायचा आणि ‘सत्य’ व भरपाई विसरायची, हा त्यांच्यावरच अन्याय ठरतो.

निरोप कसा नसावा, याचे उदाहरण नुकतेच इंग्लंडमध्ये दिसले. कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये अमृतसरच्या जालियनवाला बागेत जमिनीवर साष्टांग लोटून वेदना व्यक्त केली होती. भारतीयांना ती कृती स्मरणात आहे. परंतु जॉन स्मिथ याने शंभराहून अधिक मुलांवर व तरुणांवर केलेल्या अत्याचारांविषयीचा मेकिन अहवाल नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये माहिती मिळूनही वेल्बी यांनी पुरेसा पाठपुरावा केला नाही, असा ठपका त्यात होता. त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर डिसेंबरमध्ये लॉर्ड्स सभागृहातील निरोपाच्या भाषणात त्यांनी हलकाफुलका सूर लावला. पीडित दुखावले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना क्षमा मागावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या जागी सारा मलाली यांची निवड जाहीर झाली. या पदासाठी निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला आहेत. पीडितांचा गमावलेला विश्वास पुन्हा मिळवणे, हे जड ओझे पूर्वसूरींकडून त्यांच्या वाट्याला आले आहे.

भारतासाठी अर्थ

भारतातील अँग्लिकन परंपरेने सोडून देण्याचा मोठा निर्णय महाराष्ट्राच्या भूमीवर घेतला होता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकनांनी त्या दिवशी आपले स्वतंत्र अस्तित्व विसर्जित केले आणि बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन आदी परंपरांसोबत एका छत्राखाली येणे स्वीकारले. ज्या संस्थेचा जन्मच अशा त्यागातून झाला, तिच्यात आज चर्चच्या मालमत्ता आणि पदांवरून न्यायालयीन वाद चालावेत, ही खेदाची बाब आहे.

अशा वेळी सन्मानाने आणि वेळेवर निवृत्त होणाऱ्या धर्मगुरूचा गौरव केवळ औपचारिकता राहत नाही. तो संस्थेला स्वतःची तपासणी करण्याची संधी देतो. हिशेब स्वच्छ आहेत का, नवे नेतृत्व घडवले आहे का, महिला व युवकांना निर्णयात स्थान मिळाले का आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे म्हणणे ऐकले गेले का, हे प्रश्न निरोपाच्या दिवशी विचारणे हा अनादर नव्हे. ज्याने प्रामाणिकपणे सेवा केली आहे, त्याच्यासाठी या प्रश्नांची उत्तरे मानपत्रापेक्षा अधिक मोलाची असतात. गुरुग्रामसारख्या शहरात मंडळीतील निम्मी कुटुंबे उद्या दुसऱ्या गावी गेलेली असतील आणि पाळकही बदललेला असेल. तरीही नव्याने आलेल्या कुटुंबाला तोच आधार, तीच आस्था मिळाली, तर आधीच्या पाळकाची सेवा फळाला आली असे निःशंकपणे म्हणता येईल.