दस्ता चिरला, तर सुतार नको!

शेतकरी बंधूंनो, २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. दोन्ही वेळी पीकराखणीच्या अनेक बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. तुमची बंदूक परत आणलीत, तेव्हा लाकडी दस्ता नीट पाहिलात का?

जुनं लाकूड सुकतं, तेल मुरून मऊ पडतं आणि मुठीपाशी बारीक चीर जाते. मग आपण फेव्हिकॉल भरतो, तार गुंडाळतो, नाहीतर गावच्या सुताराला गाठतो. हे धोक्याचं आहे. तेलकट लाकडाला गोंद धरत नाही. बार उडाला की धक्का त्याच चिरेवर बसतो आणि दस्ता हातातच दुभंगू शकतो. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. तो सुताराकडे नसतो.

परवानाधारक कारागीर मात्र शहरात. मुळशी-भोरच्या माणसानं त्यासाठी पुणं गाठायचं म्हणजे दिवस मोडला. म्हणून चीर तशीच राहते. यावर उपाय अवघड नाही. बंदूक जमा करताना पावतीवर दस्त्याची अवस्था लिहावी आणि परत देण्याच्या दिवशी ठाण्यातच परवानाधारक कारागीर बोलवावा. पोलीस पाटील आणि सरपंचांनी ही मागणी लावून धरावी.

तोवर चिरलेल्या बंदुकीनं बार काढू नका. ती रिकामी करून कुलपात ठेवा. आणि ध्यानात असू द्या, बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याला वेगळी परवानगी लागते.